टीचर, स्टेडियम खंय आसा?

मुलांनो, शिक्षकाला घाम कधी फुटतो माहीत आहे? साहेब तपासणीला आल्यावर? छे! चौथीतल्या मुलीनं साधा प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नसलं, की मग!

माझी शाळा उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या एका सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. पावसाळ्यात हिरवंगार, उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं. तिसरी-चौथी मिळून चौदा मुलं. मधल्या सुट्टीत चौदाही जणं क्रिकेट खेळतात, आणि त्यांच्यात सगळ्यात जोरात चेंडू टाकते ती चौथीतली एक मुलगी. तिला वेगात पळत येताना पाहिलं की तिसरीतली दोन मुलं बॅट टाकून स्टंपांमागे लपतात. खरंच!

तर झालं काय, भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर गोव्याचा नकाशा काढला होता. नद्या झाल्या, तालुके झाले. ही उठली आणि म्हणाली, "टीचर, पप्पा म्हणटात आमच्या धारगळां व्हड क्रिकेट स्टेडियम जातलें. तें खंय आसा? नकाशांत दाखयात."

मी खडू हातात धरून उभीच राहिले. कारण 'जातलें' हे मीसुद्धा ऐकलेलं. 'जातलें' म्हणजे होणार. पण कुठं आणि कधी? मी म्हटलं, "रविवारी बघून येते आणि सोमवारी सांगते."

अशा चौकशीला एकच माणूस योग्य. माझे मडगावचे काका. काकांकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात दागिने नाहीत, तिकिटं आहेत. शनिवारी संध्याकाळी मी पोचले आणि स्टेडियमचं नाव काढलं, तर काका काही न बोलता उठले आणि डबाच घेऊन आले.

पहिलं तिकीट २५ ऑक्टोबर १९८९ चं. त्या दिवशी मडगावजवळच्या फातोर्ड्याला गोव्यातला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका. "स्टेडियम कितल्या वेळान बांदिल्लें, जाणा?" काकांनी विचारलं. "स म्हयन्यांनी!" सहा महिन्यांत! काका तेव्हा पंचविशीच्या आसपास होते. रोज सायकलवरून जाऊन आज भिंत किती वर आली ते बघून यायचे. त्यामुळे 'गोव्यात स्टेडियम व्हायला वेळ लागतो' असं कुणी म्हटलं की काकांना राग येतो.

दुसरं तिकीट ६ एप्रिल २००१ चं, भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतल्या शेवटच्या सामन्याचं. मालिका २-२ अशी बरोबरीत होती, त्यामुळे अख्खा गोवा फातोर्ड्याला लोटलेला. त्यातच खोटी तिकिटं छापली गेली होती. खरं तिकीट हातात असलेले कितीतरी लोक फाटकाबाहेरच राहिले आणि आत चेंगराचेंगरी झाली. काका पहाटेच जाऊन बसले होते म्हणून वाचले. भारत हरला. पण त्या दिवसाबद्दल बोलताना काका हरण्याबद्दल बोलत नाहीत, फाटकाबाहेर रडणाऱ्या पोरांबद्दल बोलतात.

तिसरं ३ एप्रिल २००६. युवराज सिंगचं शतक आणि इंग्लंडवर ४९ धावांनी विजय. हे तिकीट इतक्यांदा दाखवून झालंय की त्याच्या घड्या आता फाटायला आल्यात.

आणि चौथं माझ्याही ओळखीचं! २४ ऑक्टोबर २०१०. मी तेव्हा पर्वरीला डी.एड. करत होते. भारत-ऑस्ट्रेलिया सामना, रविवार, म्हणून काकांनी मलाही नेलं. परतीच्या पावसानं मैदानाचं तळं केलेलं. आम्ही डबा उघडून चपाती-भाजी खाल्ली, पुन्हा छत्र्या उघडल्या, आणि एकही चेंडू न टाकता सामना रद्द झाला. "बरें जालें, जेवण तरी जालें," काका म्हणाले होते. त्यानंतर फातोर्ड्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना झालेलाच नाही. माझा तो पहिला आणि आतापर्यंतचा शेवटचा!

रविवारी सकाळी आम्ही काकांच्या जुन्या मारुतीतून निघालो. पहिला थांबा अर्थात फातोर्डा. मडगावच्या बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. पण आता ते फुटबॉलचं झालंय. २०१४ साली पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांच्या ल्युसोफोनिया स्पर्धा इथं झाल्या, २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ मध्ये मुलींच्याही विश्वचषकाचे. एफ.सी. गोवाचं हे घरचं मैदान. क्रिकेट आणि फुटबॉल एकाच मैदानावर का नांदत नाहीत, सांगू? क्रिकेटला मधोमध २२ यार्डांची कडक, रोलर फिरवलेली खेळपट्टी लागते, आणि फुटबॉलवाल्यांना नेमकी तिथंच मऊ, सारखी हिरवळ हवी असते. शिवाय फुटबॉलचं मैदान लांबट, सुमारे १०५ मीटर बाय ६८ मीटर, तर क्रिकेटचं गोलसर आणि त्याहून बरंच मोठं. फुटबॉलच्या मैदानात प्रेक्षक जवळ बसवायचे तर सीमारेषा तोकडी पडते. एकाचं घर सजवलं की दुसऱ्याचं मोडतं.

गोव्याचं फुटबॉलवेड सगळ्यांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये फुटबॉल हा आपल्या राज्याचा अधिकृत खेळ झाला. त्यामुळे फुटबॉलला घर मिळालं याचं काकांना वाईट वाटत नाही. मग क्रिकेटला नवं घर देऊ, असं जे म्हटलं गेलं, त्याचं काय झालं, एवढंच ते विचारतात.

गंमत सांगते. २२ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या दिवसांत, सौदी अरेबियाचा अल नस्र संघ फातोर्ड्याला एफ.सी. गोवाशी खेळायला आला. अल नस्र म्हणजे रोनाल्डोचा संघ! आमच्या शाळेतल्या मुलांनी आठवडाभर पाटीवर सात नंबरचा शर्ट काढला. काका मात्र म्हणत होते, "येता? पळोवया." पळोवया म्हणजे बघू या. रोनाल्डो आलाच नाही! अल नस्र २-१ नं जिंकला. पण आपल्या ब्रायसन फर्नांडिसनं जो गोल मारला, त्यावर काका साठी उलटलेली विसरून खुर्चीवर उभे राहिले होते, असं काकीनं मला गुपचूप सांगितलं.

जुआरीचा नवा पूल ओलांडून आम्ही बांबोळीला आलो. रस्त्याजवळच अॅथलेटिक्सचं स्टेडियम आहे. इथं काकांनी गाडी थांबवली आणि दुसरी कथा सुरू केली, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांची. या स्पर्धा गोव्यात २०१६ मध्ये होणार होत्या. मग २०१७ म्हणाले. मग २०१८. मग २०१९. मग २०२०, आणि तेव्हा तर कोरोनाच आला. दरम्यान शुभंकर म्हणून रुबीगुला नावाचा बुलबुल ठरला होता. स्पर्धेचं वर्ष पुढं गेलं, तशी शेवटी त्याच्या जागी मोगा नावाचा गवा आला! दरवर्षी पेपरात बातमी आली की काकांच्या कट्ट्यावर हशा पिकायचा. "ह्या खेळांत पयलें सुवर्णपदक तारीख पुढें धुकलपाक!" म्हणजे तारीख पुढं ढकलण्याला.

पण मुलांनो, स्पर्धा झाल्या बरं का! २६ ऑक्टोबर २०२३ ला फातोर्ड्याला उद्‌घाटन झालं. आपली लगोरीसुद्धा त्यात होती. सगळ्यात जास्त पदकं महाराष्ट्रानं नेली, २२८, त्यातली ८० सुवर्ण. मी हे काकांना आठवण करून दिलं. "जाल्यो," ते म्हणाले. "सात वर्सांनी." आणि गाडी सुरू केली.

पर्वरीला मला फार बरं वाटलं. डी.एड.च्या दिवसांतला माझा परिसर. इथं गोवा क्रिकेट असोसिएशनच्या अकादमीचं मैदान आहे. मोठे स्टँड नाहीत, दिव्यांचे उंच खांब नाहीत, पण गोव्याचे रणजी सामने होतात. डिसेंबर २०२२ मध्ये इथंच अर्जुन तेंडुलकरनं रणजीतल्या पहिल्याच सामन्यात १२० धावा केल्या. (सगळ्यांना अर्जुन आठवतो, पण त्याच डावात आपल्या सुयश प्रभुदेसाईनं २१२ केल्या होत्या, हे मी वर्गात मुद्दाम पाठ करून घेतलंय.) आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तर कहरच! अरुणाचल प्रदेशाविरुद्ध कश्यप बखले नाबाद ३००, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४. दोघांची न तुटलेली भागीदारी ६०६ धावांची. रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी! गोवा एक डाव आणि ५५१ धावांनी जिंकला. आता सांगा, एवढा पराक्रम बघायला किती लोक होते? थोडेसे. बसायला जागाच कुठं आहे?

हे मी काकांना म्हटलं, तर ते उलटंच म्हणाले. "बाय, रणजीक पन्नास जाण येतात, मागीर पन्नास हजारांचें स्टेडियम कोणाखातीर?" वर्षातून एखादा मोठा सामना, बाकीचे दिवस रिकाम्या खुर्च्या, त्यांची रंगरंगोटी, गवताला पाणी. खर्च कोण करणार? मला उत्तर सुचलं नाही. पण पटलंही नाही. खुर्च्या राहू देत, पण माझ्या मुलीला धावायला एक सपाट मैदान नको का?

पुढं म्हापशाची बाजू धरून थिवीचा फाटा लागतो. मी शिकत होते तेव्हा नवं क्रिकेट स्टेडियम थिवीला होणार म्हणत. आम्ही मैत्रिणींनी तर थिवी रेल्वे स्टेशनवरून चालत जायचं की रिक्षानं, हेसुद्धा ठरवलं होतं! नंतर थिवीचं नाव मागं पडलं आणि धारगळचं पुढं आलं. काकांनी फाट्याकडे नुसता हात दाखवला आणि हॉर्न वाजवला. श्रद्धांजलीचा हॉर्न म्हणे!

धारगळला उन्हं चढली होती. महामार्गाच्या बाजूला आम्ही एका दुकानात लिंबूसोडा घेतला आणि विचारलं, "स्टेडियमाची सुवात खंय?" दुकानदारानं बाटली पुसत विचारलं, "खंयचें स्टेडियम? क्रिकेटाचें काय क्रीडानगरीचें?" काका इतके हसले की सोडा नाकात गेला. कारण धारगळला एक नव्हे, दोन-दोन 'जातलें' आहेत! राष्ट्रीय स्पर्धांसाठी मोठी क्रीडानगरी इथं उभारायची असंही ठरलं होतं.

तिथं बसलेल्या एक आजी मात्र हसल्या नाहीत. क्रीडानगरीसाठी जमीन घेण्याचा विषय निघाला तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला होता, ते त्यांनी सांगितलं. तिळारीच्या कालव्याचं पाणी या तालुक्यात येतं. ज्या जमिनीला पाणी मिळू शकतं ती खेळाला का द्यायची, हा त्यांचा सवाल. "खेळूंक जाय, म्हाका मान्य. पूण काजू खंय लावचे?" मी वर्गात नकाशा काढताना सड्यावर नुसती रिकामी जागा सोडते. यापुढं तिथं काजूची झाडं काढीन.

परतताना डोक्यावरून विमान गेलं. मोप विमानतळ इथून जवळच. मी काकांना चिडवायला म्हटलं, "हासुद्धा 'जातलें'च होता ना?" केंद्रानं मोपला तत्त्वतः मान्यता दिली २००० साली, मी तेव्हा शाळेत होते. उद्‌घाटन झालं डिसेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात एकदाही काकांनी विश्वास ठेवला नव्हता. काका विमानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "विमानां देंवलीं तें खरें." मग थोड्या वेळानं, "पूण ताका बावीस वर्सां लागलीं."

सोमवारी मी वर्गात सगळं सांगितलं. नकाशात दाखवायला जागा मिळाली नाही, म्हणून फळ्यावर आकडे लिहिले. फातोर्डा, ६ महिने. मुंबईचं वानखेडे, सुमारे १३ महिने (१९७५ च्या जानेवारीत तिथं पहिली कसोटी झाली). राष्ट्रीय स्पर्धा, ७ वर्षं उशीर. मोप, २२ वर्षं. म्हटलं, चला, गणित करा.

ती मुलगी आता दहा वर्षांची आहे. तिनं पाटीवर चार बेरजा मांडल्या. साडेदहा. अकरा. सतरा. बत्तीस. शेवटच्या आकड्यापाशी थांबून तिनं विचारलं, "टीचर, बत्तीस वर्सांची फास्ट बॉलर आसता?"

मी तिला शिखा पांडेबद्दल सांगितलं. गोव्याकडून खेळून भारताच्या संघात पोचलेली वेगवान गोलंदाज, २०१७ च्या विश्वचषकाची अंतिम लढत लॉर्ड्सवर खेळलेली. तिशी उलटल्यावरही ती भारताकडून खेळलीय, हेही सांगितलं. मुलीनं बत्तीसच्या भोवती गोल केला, मग विचार करून तो पुसला आणि अकराभोवती केला.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. ती म्हणाली, "टीचर, आज तुमी अंपायर." आम्ही बाहेर गेलो, तर खेळपट्टीवर शेजारच्यांची गाय बसली होती. चौदा जणांनी मिळून तिला उठवली आणि खेळ सुरू झाला.