पहिली बाराबोअर

तासगाव, फेब्रुवारी.

परवाना मिळाला, आता बंदूक निवडायची. थोरले काका दुनळीवर अडून बसलेत. मोडून उघडली की भरलेली आहे की रिकामी, ते डोळ्यांना दिसतं, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही. माझं मन मात्र पंप-ॲक्शनवर बसलंय. नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. बाराबोअरचा हिशेबही गमतीचा: पौंडभर शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातल्या एकीच्या जाडीएवढी नळी.

पण बंदूक हवी कशाला? तास-ए-गणेश द्राक्षांच्या घडांवर पोपट, बुलबुल, साळुंक्या तुटून पडतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्यांच्यावर छरे झाडता येत नाहीत, तिथं जाळी आणि फटाकेच. उरली बेदाण्याच्या शेडवरची रात्रीची राखण, आणि तिथं निम्मं काम बंदूक नुसती दिसण्यानंच होतं. मला ती झाडायची वेळ आलीच नाही तर बरं. निवडणूक आली की बहुधा तीही ठाण्यात जमा!

जोडसामानाच्या यादीतून दुमडता दस्ता आणि बॅटरी बसवायची पट्टी आधीच खोडली. सिनेमातल्या हौशी त्या. खांद्याचा पट्टा, नळी पुसायचा गज, फ्लॅनेल, तेल आणि कुलपाचं लोखंडी कपाट, एवढं पुरे. काडतुसं खडकीच्या कारखान्याची बघेन. दस्ता खांद्याला नीट बसतो का, हे मात्र दुकानातच कळणार. काकांना सोबत नेतोय. ऐकणार नाहीत, पण पंप एकदा ओढून तरी बघतील.