निबंध कुणाच्या नावावर?

चि. सोनूस,


पीएच.डी.चं नक्की झाल्याचं ताईने कळवलं. फार आनंद झाला. आता पहिला शोधनिबंध कुठेही धाडण्याआधी एक काम कर. संशोधकाला स्वतःचा ओळख क्रमांक देणाऱ्या ऑर्किडवर (ORCID) खातं उघड. ऑक्टोबर २०१२ पासून ही सेवा चालू आहे, ना-नफा संस्था चालवते, संशोधकाला एक पैसा पडत नाही. नोंदणी झाली की १६ अंकी क्रमांक मिळतो, चार-चारच्या गटांत. एखाद्याच्या क्रमांकात शेवटी अंकाऐवजी एक्स असतो. तो पडताळणीचा, क्रमांक बरोबरच असतो.

फॉर्म छोटा आहे, पण नावाच्या रकान्यापाशी थांब. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तसंच्या तसं इंग्रजी नियतकालिकाकडे गेलं की शेवटचा शब्द तिकडे आडनाव धरला जातो. आमच्या विभागातल्या एका मुलीचं काम आजही तिच्या वडिलांच्या नावाने शोधावं लागतं. रात्र-रात्र जागून तिने केलेलं काम! मला त्याचं फार वाईट वाटतं.

त्यात आपण बायका. माझे लग्नाआधीचे निबंध माहेरच्या आडनावावर, पुढचे सासरच्या. बढतीच्या वेळी दोन्ही माझेच आहेत हे दाखवायला लग्नाचा दाखला जोडावा लागला होता. आता दोन्ही एका क्रमांकाखाली आहेत, कारण ऑर्किडमध्ये आपली इतर नावं नोंदवायलाही जागा आहे. तू लग्नानंतर नाव बदल किंवा बदलू नकोस, तो तुझा प्रश्न. काम मात्र विखुरता कामा नये. आणि नुसत्या आद्याक्षराने लिहिणारे पाटील, जाधव किती असतील, विचार कर.

ईमेल स्वतःचा दे. विद्यापीठाचा पत्ता तू तिथून बाहेर पडलीस की बंद होऊ शकतो, आणि पासवर्ड विसरलीस तर नवीन करायची लिंक त्याच बंद पत्त्यावर जाते. मग माणसं वैतागून दुसरं खातं उघडतात आणि एकाच संशोधकाचे दोन क्रमांक होतात. विद्यापीठाचा पत्ता दुसरा म्हणून जोडून ठेव.

कोणती माहिती कुणाला दिसावी हे आपण ठरवायचं असतं: सगळ्यांना, आपण परवानगी दिलेल्या संस्थांना, की फक्त आपल्याला. शिक्षण आणि निबंध सगळ्यांना दिसू देत, ईमेल स्वतःपुरता ठेव. खातं उघडून रिकामं सोडू नकोस; तिथे काही नसेल तर त्या क्रमांकाचा कुणाला उपयोग नाही. निबंध छापून आला की त्याचा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, टाकून जोडता येतो. हे डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेला एकदा परवानगी दिली आणि निबंध पाठवताना आपला क्रमांक दिला, तर पुढच्या बऱ्याच नोंदी आपोआप येतात. तरी अधूनमधून उघडून बघत जा.

माझ्या मते हे सगळं विद्यापीठांनी मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं. बऱ्याच ठिकाणी प्रबंध सादर करायची वेळ येते तेव्हा धावपळ सुरू होते. तू तोवर थांबू नकोस. या रविवारी बसून खातं उघड आणि क्रमांक मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. नाव नीट पडलंय का ते मी बघते.

तुझी,
मावशी