शंकू आणि आम्ही

घर बांधणाऱ्या बहुतेक गृहस्थांनी काँक्रीट कालवताना पाहिलेले असते; परंतु ओतण्यापूर्वी त्याची परीक्षा घेतात, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आम्हांसही नोकरीत शिरेपर्यंत ते ठाऊक नव्हते.

परीक्षेचे साधन अगदी गरीब आहे. तळ नसलेली बादली उपडी ठेवावी तसा एक लोखंडी शंकू. उंची ३०० मिलिमीटर, खालचे तोंड २००, वरचे १००. ताजा माल तीन थरांनी भरावयाचा, प्रत्येक थर सळईने पंचवीस वेळा ठोसावयाचा, आणि साचा सावकाश सरळ वर उचलावयाचा. उघडा पडलेला ढीग जितका खाली बसेल, तितका माल मऊ. अमेरिकेतील डफ एब्रॅम्स यांचे नाव या शंकूस चिकटले आहे. सिमेंटच्या मानाने पाणी वाढले की बळ घटते, हा नियम १९१८ साली मांडणारे तेच.

आमच्या उमेदवारीच्या काळी एका पाण्याच्या टाकीचे काम चालले होते. तेथील शंकूची कड चेपलेली, पाय ठेवण्याची एक पट्टी तुटलेली, आणि खाली डुगडुगणारी फळी. पहिल्या खेपेस साचा तिरका उचलला गेला, ढीग एका अंगास घसरला आणि आकडा आला ११०. त्याच मालाचा दुसरा आकडा ६०. करारात ७५ ते १०० मागितले होते. आम्ही दोहोंचा मध्य काढून ८५ लिहिले. मध्य काढण्याची लबाडी किती सभ्य दिसते!

टाकी भरली तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी पाणी पाझरू लागले. फोडून पाहिले, तो दाट सळ्यांमागे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या! कडक माल तेथवर पोहोचलाच नव्हता. आम्हांस कोणी रागावले नाही. मुकादम एवढेच म्हणाला, "साहेब, माल हाताला कडक लागत होता. पण तुमच्या वहीत बरोबर होतं, म्हणून बोललो नाही."

पुढे आम्ही मिस्त्रीकडून नवा साचा करविला. खाली जाड पोलादी पत्रा, तो समतल करण्यास तीन स्क्रू, साचा घट्ट धरणाऱ्या पकडी आणि तो तिरका होऊ न देणारे दोन उभे दांडे. शोध म्हणण्याजोगे त्यात काही नव्हते. पण दोन माणसांचे आकडे आता जवळजवळ येऊ लागले. तरी शंकूचे एक अपुरेपण उरतेच. सारखेच बसणारे दोन ढीग हलविले असता सारखेच वाहतील असे नाही. माल हलू लागण्यास लागणारा जोर एक, आणि हलताना होणारा विरोध दुसरा. तेव्हा आकडेही दोन हवेत, असे इंग्लंडातील टॅटरसॉल यांनी १९७०च्या दशकात दाखविले. पण त्यांचे यंत्र आमच्या कामांवर कोठून येणार?

नव्या साच्याचा पहिला आकडा मांडण्यापूर्वी आम्ही मुकादमास हाक मारली. त्याने मूठभर माल दाबून पाहिला, हात झटकला व म्हणाला, "आज बरा आहे." साचा ८० दाखवीत होता.