मेजाभोवतीचे अकरा जण

‘गोलमेज’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाला १९३० ते १९३२ या काळातील लंडनच्या परिषदा आठवतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे अस्पृश्यांची बाजू मांडली. खुल्या बैठकांतील भाषणे वृत्तपत्रांत गाजली. पण मुद्द्यांची खरी झाडाझडती उपसमित्यांच्या लहान बैठकांतच झाली. मोठ्या सभेत मनुष्य आपले मत मांडतो. लहान बैठकीत ते त्याला तपासून घ्यावे लागते. परिषदा भरविणाऱ्यांना या भेदाचा अनेकदा विसर पडतो.

२४ ते २६ फेब्रुवारी १९८८ या तीन दिवसांत बंगळुरात भरलेल्या न्यायाधीशांच्या चर्चासत्रात तो विसर पडला नव्हता. निमंत्रक होते भारताचे माजी सरन्यायाधीश प्र. न. भगवती, साहाय्य होते राष्ट्रकुल सचिवालयाचे. मेजाभोवती अवघे अकरा जण होते. पाकिस्तान आणि झिंबाब्वे यांचे सरन्यायाधीश, मलेशियाचे सर्वोच्च न्यायाधीश सालेह अब्बास, ऑस्ट्रेलियाचे मायकेल कर्बी, पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग, कर्नाटकाचे न्यायमूर्ती चंद्रकांतराज अर्स हे त्यांपैकी काही. प्रश्न एकच होता : मानवी हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारांचा आधार देशातील न्यायालयाने कितपत घ्यावा?

कर्बी जुन्या इंग्रजी परंपरेत वाढलेले. संसदेने कायदा केल्यावाचून परराष्ट्रीय करार न्यायालयाच्या उंबऱ्याआत येत नाही, ही त्यांची शिकवण. बंगळुराहून ते परतले ते मत बदलून; आणि ही गोष्ट त्यांनी पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितली. हजार श्रोत्यांसमोर असे परिवर्तन क्वचितच घडते, कारण तेथे मत बदलणे हा पराभव ठरतो. अकरा समव्यवसायींत तो केवळ विचाराचा पुढचा टप्पा असतो.

बैठकीने तयार केलेल्या तत्त्वांत संयमही होता. देशाचा कायदा संदिग्ध किंवा अपुरा असेल तेथे न्यायाधीशाने आंतरराष्ट्रीय दायित्वांकडे पाहावे. कायदा स्पष्ट असेल तर, विसंगत असला तरी, तोच लागू करावा आणि ती विसंगती संबंधितांच्या नजरेस आणावी. चांगल्या यजमानाचे लक्षण हेच की आपल्या घरच्या बैठकीतून तो पेलेल तेवढेच वदवून घेतो.

या यजमानालाही एक भूतकाळ होता. एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत, स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या चौघांच्या बहुमतात भगवती होते. पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूडही होते. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी भिन्नमत नोंदविले आणि कायद्याचे दोन अर्थ संभवत असतील तर आंतरराष्ट्रीय विधीशी जुळणारा अर्थ घ्यावा, असेही त्यात म्हटले. बारा वर्षांनी भगवतींच्या निमंत्रणावरून जमलेल्या मंडळींनी जे मान्य केले, त्याचा गाभा खन्नांच्या त्या एकाकी निकालपत्रात होता. १९७६ चा आपला निर्णय चुकला, हे भगवतींनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. जून २०१७ मध्ये ते निवर्तले. त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय मोडीत काढला. तसे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव.

तत्त्वे कागदावर टिकतात. मेजाभोवतीच्या माणसांना मात्र तेवढे अभय मिळत नाही. बंगळुराहून परतलेले सालेह अब्बास मे १९८८ मध्ये निलंबित झाले आणि ऑगस्टमध्ये पदच्युत. बैठकीला सहा महिनेही उलटले नव्हते. ज्या तत्त्वांची अंमलबजावणी न्यायाधीशाने करायची, त्या न्यायाधीशाचे आसनच डळमळीत असेल तर तत्त्वे कोणाच्या हाती सोपवावयाची?

फेब्रुवारी २००१ मध्ये याच शहरात आशिया-आफ्रिकेतील सरन्यायाधीशांचा असाच एक लहानसा गट पुन्हा मेजाभोवती बसला आणि न्यायाधीशांच्या वर्तनाचा मसुदा सिद्ध झाला. पुढच्या वर्षी हेग येथील गोलमेज बैठकीत तो पक्का झाला. जग आज त्याला ‘बंगळूर तत्त्वे’ या नावाने ओळखते. त्यात सहा मूल्ये आहेत. पहिले आहे स्वातंत्र्य.