प्रतिमेच्या पाठीवरील लेख

देरासरात आपण प्रतिमेसमोर उभे राहतो. तिच्या पाठीकडे पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पंचधातूच्या जुन्या प्रतिमांचा इतिहास मात्र पाठीवरच कोरलेला असतो : संवत, तिथी, ज्ञाती, श्रेष्ठींचे व त्यांच्या भार्येचे नाव, कोणाच्या श्रेयार्थ प्रतिमा भरविली, कोणत्या सूरींनी प्रतिष्ठा केली. आपल्या पेढ्यांवरील पणजोबांच्या चोपड्या वाळवीने खाल्ल्या. या धातूच्या चोपड्या पाच-पाचशे वर्षे टिकून आहेत.

गतवर्षी आमच्या देरासराच्या वर्षगाठीपूर्वी बैठकीत सूचना आली की, सर्व धातुप्रतिमा कारागिराकडून बफ करून घ्याव्यात, म्हणजे सोन्यासारख्या झळकतील. सूचनेमागे भक्तीच होती. मी एका पंचतीर्थीची पाठ सर्वांना दाखविली. संवताचे पहिले दोन आकडे, 15, तेवढे दिसत होते. पुढचे दोन घासून गेलेले. 'भार्या' हा शब्द शिल्लक होता, पण कोणाची भार्या, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. बफाचे चाक धातूचा वरचा थर खरवडते, चिंच व आम्ल तो विरघळवितात. आणि ही उथळ अक्षरे त्या थरातच असतात. एक वडीलधारे म्हणाले, "पूजेची प्रतिमा म्हणजे संग्रहालयातील वस्तू नव्हे." ते खरेच आहे. म्हणूनच तिला संग्रहालयाहून कमी जपावे, हे मला पटत नाही.

वडोदऱ्याजवळच्या अकोट्यात 1951 च्या सुमारास 68 जैन धातुप्रतिमा सापडल्या. डॉ. उमाकांत शाह यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला. त्यांतील जीवंतस्वामींच्या प्रतिमेच्या पीठावर नागीश्वरी नावाच्या श्राविकेचा उल्लेख आहे. सहाव्या शतकातील या बाईंचे नाव मातीने जपले! आपल्याच समाजातील पूरणचंद नाहर यांनी ठिकठिकाणचे असे लेख उतरवून घेतले आणि 1918 पासून 'जैन लेख संग्रह' छापला.

1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी प्रतिमा ही पुरावस्तू ठरते व तिची नोंदणी करता येते. चोरी झाल्यास छायाचित्रासह केलेली नोंद हाच मालकीचा भक्कम आधार असतो.

आमच्याकडे बफाचा विचार तूर्त मागे पडला. पक्षालानंतर मऊ अंगलुछण्याने प्रतिमा कोरड्या करतो, पावडर बंद आहे. प्रत्येकीची पुढून-मागून छायाचित्रे, उंची व वजन एका वहीत नोंदवीत आहोत; वहीची दुसरी प्रत गावातच अन्यत्र राहील. पडिमात्रेमुळे वाचताना मी अडखळतो, म्हणून चातुर्मासात येणाऱ्या महाराजसाहेबांसाठी नऊ लेख राखून ठेवले आहेत.