तीन पिंपं आणि एक दाण

आमची नात टेक्सासमध्ये असते. सोमवार ते शुक्रवार कंपनीत काम आणि शनिवारी सकाळी घोडा. नुसती रपेट नव्हे बरं का! मैदानात तीन रिकामी पिंपं त्रिकोणात ठेवलेली असतात. भरधाव घोड्यावरून त्या तिघांना वळसे घालून परत यायचं. एक वळसा उजवीकडून तर उरलेले दोन डावीकडून, किंवा याच्या उलट. वरून पाहिलं तर ती वाट बेलाच्या पानासारखी दिसते. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. एक पिंप पडलं की पाच सेकंद दंड, म्हणजे संपलंच सगळं. याला तिकडे बॅरल रेसिंग म्हणतात आणि त्यात बायका-मुलीच जास्त.

मागच्या रविवारी तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"आजोबा, दीड वर्ष झालं. तोच घोडा शिकवणाऱ्या बाईंकडे लोण्यासारखा वळतो आणि मी बसले की आधीच वळून पिंप पाडतो. बाई म्हणतात, पिंपाकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ. पण मला आठवड्यात मिळतात तीन तास! बाकीच्या मुली लहानपणापासून घोड्यावर आहेत. एक मैत्रीण म्हणते, जरा टोकदार स्पर लाव टाचेला, मग बघ कसा ऐकतो. लावू का? की सोडूनच देऊ? तुम्ही शाळा सांभाळून शंकरपट कसा शिकलात हो?"

मी काहीबाही बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहितो आहे. घरच्यांनाही यातलं निम्मं ठाऊक नाही.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी आधी थोडी माहिती. बैलांची शर्यत सगळीकडे सारखी नसते. तिकडे जुन्नर-खेडच्या बाजूला घाटात बैलगाडा पळतो, पुढे घोडी धावते आणि गाड्यावर माणूस नसतो. आमच्या विदर्भात शंकरपट. बैलांची एक जोडी, तिच्यामागे हलकीफुलकी दोन चाकांची गाडी आणि गाडीवर एक माणूस. तो धुरकरी. पळण्यासाठी आखलेली सरळ पट्टी म्हणजे दाण. शेजारच्या दाणीत दुसरी जोडी असते, पण खरी लढत घड्याळाशी. 'आमची जोडी इतक्या सेकंदाची' असं माणसं मिशीवर हात फिरवत सांगतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर विदर्भभर नावाजलेला. तिथे बायकाही जोडी हाकतात.

आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. मी घाटावर, चिखली तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. १९८४ साल. वय चौतीस, पदरी दोन मुलं. आमच्या घरात शेती नव्हती, वडील पोस्टात होते. बैल पाहिले ते पोळ्याला, तेही दुरून. पण त्या वर्षी गावच्या पटात शेजारच्या नानांची जोडी धावताना पाहिली आणि डोक्यात किडा शिरला. खोटं कशाला बोलू, त्यात मिरवायची हौसही होती. मास्तरला पुस्तकापलीकडचंही काही येतं, हे गावाला दाखवायचं होतं.

नानांना विचारलं तर ते हसले. "मास्तर, तुमाले काहून हे भिकेचे डोहाळे?" पण नाही म्हणाले नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा माझ्या वर्गात होता, त्याची भीड असावी.

शाळा अकरा ते पाच. शनिवारी सकाळची, त्यामुळे शनिवारची दुपार आणि रविवार मोकळा. बाकीच्या दिवशी पहाटे पाचला नानांच्या गोठ्यात. पहिले चार महिने त्यांनी मला गाडीला हातसुद्धा लावू दिला नाही. शेण काढा, कुट्टी घाला, पाणी पाजा, अंग चोळा. मी कुरकुरलो की म्हणायचे, "आधी त्याले तुमचा वास कळू द्या." आंघोळ करून शाळेत गेलो तरी पोरं नाक मुरडायची. घरी हिचं बोलणं वेगळंच. "पगार शाळेचा आणि चाकरी बैलांची!"

डावीकडे चांद्या, उजवीकडे हौश्या. चांद्या सुटतानाच उसळायचा. हौश्या आळशी सुरुवात करायचा, पण एकदा लागला की शेवटपर्यंत ओढायचा. धुरकऱ्याचं काम एवढंच, की एकाला किंचित धरायचं आणि दुसरा येईपर्यंत वाट पाहायची. लिहायला दोन ओळी लागल्या. हाताला कळायला दोन हिवाळे लागले. घाबरलो की माझा कासरा ताणला जायचा, कासरा ताणला की बैल माना वर करायचे आणि जोडी फाकायची. शिवाय माझी नजर सारखी चांद्यावर. जिकडे नजर तिकडे हात ओढला जायचा आणि गाडी तिरपी व्हायची. नाना ओरडायचे, "मास्तर, बैलाकडे काय पाहून राहिले? दाणीच्या त्या टोकाकडे पाहा!"

बाळ, तुझ्या बाई इंग्रजीतून सांगतात तेच हे.

दोनदा पडलो. एकदा दोन्ही कोपरं सोलून निघाली. त्याच हातांनी फळ्यावर लिहिलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "गुरुजी, नक्की कुणाला शिकवताय? पोरांना की बैलांना?" हसून सोडून दिलं. पण आत एक गोष्ट टोचत होती. माझ्याबरोबर पटात उतरणारी वीस-बावीस वर्षांची पोरं गोठ्यातच लहानाची मोठी झालेली. त्यांच्याजवळ अख्खा दिवस होता, माझ्याजवळ उरलेसुरले तास. दोन पटांत शेवटचा आलो. लोक टाळ्या वाजवायचे, त्या थट्टेच्या.

१९८६ च्या माघातला पट. जोडी दाणीवर नेताना एका ओळखीच्या माणसाने माझ्या हातात आखूड तुतारी कोंबली. शहरातल्यांना तुतारी म्हणजे वाजवायची वाटेल. आमच्याकडे बैल टोचायच्या काठीलाही तुतारी म्हणतात. टोकाला खिळा असतो, तो आर. नानांच्या गोठ्यात मी ती कधी पाहिली नव्हती. तो म्हणाला, "एकदाच लावा, फरक पाहा." मी ती सदऱ्याच्या बाहीत सरकवली.

जोडी सुटली. निम्म्या दाणीत हौश्या अजून लागलेला नव्हता. खरं म्हणजे तो थोडा वेळ थांबायचा होता. मी थांबलो नाही. आणि टोचलं कुणाला? जो आधीच जिवाच्या आकांताने धावत होता त्या चांद्याला. एकदा नव्हे, तीनदा.

आमचा तिसरा नंबर आला. बक्षीस म्हणून पितळेची घागर मिळाली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खाली उतरून पाहतो तर नाना चांद्याच्या शेपटीपाशी वाकलेले. बोटाला लागलेलं रक्त त्यांनी धोतराला पुसलं. मला एक शब्द बोलले नाहीत. जू काढलं, बैल सावलीत नेले. मी घागर पुढे केली तर म्हणाले, "ते तुमची हाय. घेऊन जा." त्यांचा मुलगा जखमेवर हळद-तेल लावत होता. त्याने मान वर केली नाही.

सोमवारी शाळेत त्याच मुलाला तेराचा पाढा विचारला. तेरा सक अठ्ठ्याहत्तरवर अडला. मी सवयीने छडी उचलली. त्याने रडणं नाही की विनवणी नाही, हात पुढे केला. रोजच्यासारखा. त्याचं 'रोजच्यासारखा' असणंच मला सहन झालं नाही. मी छडी खाली ठेवली.

त्या दिवसापासून छडी सुटली असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण ते खरं नाही. पुढची दोन वर्षं अधूनमधून ती हातात येतच होती. पण आता ती उचलताना मला कळायचं, की पोरगं अडलंय म्हणून मी मारत नाही. तास संपत आलाय, धडे राहिलेत, तपासणी जवळ आलीय, म्हणून मारतोय. घाई माझी आणि वळ त्याच्या हातावर. मुलांना मारायला बंदी करणारा शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, तोवर मी निवृत्त झालो होतो. माझी छडी त्याआधी वीसेक वर्षं सुटली, त्याचं श्रेय मात्र माझं नाही. ते चांद्याचं.

चांद्याने मला लवकर माफ केलं नाही. मी मागून आलो की त्याचं अंग थरथरायचं. पुन्हा रोज पहाटे गोठा, शेण, पाणी, अंग चोळणं. नानांनी ये म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. त्या संध्याकाळी नानांनी गरम पाण्याचं भांडं आणि लोणी माझ्या हातात दिलं. मी चांद्याच्या खांद्याला हात लावला आणि तो हलला नाही, उभा राहिला. मला वाटतं, पटात शिकण्यासारखं जे होतं ते मी तिथे गोठ्यात शिकलो.

नंतर तीन वर्षं मी पटात उतरलो. नंबर पुन्हा कधी आला नाही आणि त्या दिवसाच्या वेळेच्या जवळपासही गेलो नाही. पण जोडी सरळ जायची. हौश्या लागेपर्यंत मला थांबता यायला लागलं होतं.

पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. तेव्हा मी नानांना भेटायला गेलो होतो. नाना थकले होते, बाजेवर पडून असायचे. मला म्हणाले, "मास्तर, आमच्या गोठ्यात तुतारी कधी आली नाही. मंग आमचा पट काहून बंद?"

मला उत्तर माहीत होतं. पट नानांसारख्यांमुळे बंद झाला नव्हता. एकदाच लावून पाहू म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांमुळे झाला होता. आणि खरं सांगायचं तर ती बातमी वाचून मला आतून थोडं बरंही वाटलं होतं. पण नानांसमोर मी मान खाली घालून बसलो, काही बोललो नाही. ते बोलायला हवं होतं.

राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, ती कोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायदा योग्य ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि बैलाला टोचायला, मारायला मनाई आहे. नाना हे पाहायला राहिले नाहीत. त्यानंतर एक पट मी काठावर बसून पाहिला. एक तरुण धुरकरी भेटला, बँकेत नोकरी करणारा. म्हणाला, "सर, प्रॅक्टिसला वेळच मिळत नाही." मी म्हटलं, "वेळ कमी असू दे. घाई करू नकोस." त्याला ते कितपत कळलं, देव जाणे.

तर बाळ, तुझं उत्तर. तीन तास कमी आहेत हे खरं, आणि त्या मुलींची बरोबरी तुला करता येणार नाही हेही खरं. पण त्या तीन तासांतला पहिला अर्धा तास घोड्याला खरारा करण्यात घालव. वाया जाणार नाही. स्पर वापरणारे सगळे वाईट असतात असं मी म्हणणार नाही. शांत माणसाच्या टाचेला तो नुसता इशारा असेलही. तू आत्ता चिडलेली आहेस, म्हणून आत्ता लावू नकोस. सोडायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

आणि ती पितळी घागर, जिच्यावर तू लहानपणी ताल धरायचीस, ती हीच. परवा हे सगळं तुझ्या आजीला वाचून दाखवलं. मला वाटलं, तिला धक्का बसेल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, नानांच्या घरून. म्हणून तर ती घागर मी कधी देवाच्या पाण्याला वापरली नाही."

जवळजवळ चाळीस वर्षं ती हे मला बोलली नाही.