शकांची तर

संकल्प सोडतांना आपण ‘शालिवाहन शके’ म्हणतों, परंतु इ. स. ७८ पासून चाललेल्या या कालगणनेस ज्यांचें नांव चिकटलें, ते शक कोण, ही पृच्छा क्वचितच होते.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें इ. स. पूर्व पांचव्या शतकांत काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सिथियन लोकांचें वर्णन केलें आहे. इराणी लोक सर्वच सिथियनांस शक म्हणतात, असेंही तो सांगतो. घोड्यावर वाढणारे, गाड्यांत संसार करणारे, मारलेल्या पहिल्या शत्रूचें रक्त पिणारे असे ते लोक! परक्यांच्या आचारांचा तर त्यांना विलक्षण तिटकारा. स्किलीस नांवाच्या त्यांच्या राजानें ग्रीकांचा एक देवोत्सव आचरिला, तेव्हां प्रजेनें बंड केलें व त्याच्या भावानेंच त्याचा शिरच्छेद केला.

आतां नाशिकच्या पांडवलेण्यांकडे वळूं. तेथील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. हिरोडोटसनंतर पांचसहा शतकांनीं, हजारों मैल दूर कोरलेल्या यांपैकीं एका लेखांत त्याच्या नांवामागें ‘शक’ हा शब्द आहे. परंतु उषवदात म्हणजे ऋषभदत्त, आणि त्याच्या पत्नीचें नांव दक्षमित्रा! लेखाची भाषा प्राकृत, पण चांगलीच संस्कृताळलेली. तीन लक्ष गाई व देवब्राह्मणांस १६ गांवें दिल्याचें तो सांगतो. बौद्ध भिक्षूंसाठीं तें लेणेंही त्यानेंच कोरविलें.

पालघरकरांनीं अभिमानानें वाचावा असा मजकूर तर पुढेंच आहे. शूर्पारकास, म्हणजे आपल्या सोपाऱ्यास, त्यानें धर्मशाळा बांधली. दमण, तापी, दाहणुका इत्यादि सहा नद्यांवर पुण्यार्थ नावा ठेवल्या. उतारूंस तर मोफत. दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. ही दाहणुका म्हणजे डहाणूची नदी.

पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचें कुळ बुडविलें. १९०६ सालीं जोगळटेंभी येथें नहपानाचीं हजारों नाणीं सांपडलीं. त्यांतील बहुतेकांवर विजेत्यानें आपला छाप मारलेला आहे. राज्य गेलें, पण नावांचा लेख राहिला.

तारापूर-बोईसरास कारखाने झाल्यापासून दूरदूरच्या प्रांतांतील माणसें आमच्या आळींत राहूं लागलीं आहेत. ओटीलगतची खोली अशा एका कुटुंबास द्यावी कीं नाहीं, यावरून सध्यां आमच्या घरांत दोन तट पडले आहेत. ‘बाहेरचे ते बाहेरचेच’ हें वडीलधाऱ्यांचें म्हणणें. आणि परक्यांची धास्ती अगदींच निराधार असते, असें मीही म्हणणार नाहीं. परंतु परक्याचा आचार शिवला म्हणून आपल्या राजाचें मस्तक उडविणाऱ्यांचे नांवबंधु येथें आले आणि आपल्या नदीवर नाव ठेवून गेले. माणूस कोठून आला याबरोबरच, येऊन त्यानें काय केलें, हेंही पाहावें. माझें मत खोली देण्याच्या बाजूनें आहे.